दहा अंकी सवत

त्यांच्या घरी चहा मिळायचा, नाही असं नाही. पण आधी एक भागाकार करावा लागायचा. कप समोर येण्याआधी कागद समोर यायचा. जुन्या तपासणी-रिपोर्टाचा पाठकोरा कागद, त्यावर टोक काढलेली पेन्सिल, आणि डाव्या कोपऱ्यात त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून ठेवलेला भाजक. भाज्य लिहिलेलं नसायचं. ते सगळ्यांना पाठ होतं. एक ते नऊ ओळीने लिहायचे आणि शेवटी पुन्हा एक. एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्क्याण्णव. माझ्या लग्नाची तारीख मला बायकोला विचारावी लागते, पण ही संख्या मला आजही झोपेतून उठवून विचारा. या गोष्टीचा मला अजून संताप येतो.

चिंचवडच्या ज्या कारखान्यात मी तपासनीस म्हणून लागलो, तिथल्या गेज रूमचे ते प्रमुख. गेज रूम म्हणजे मोजणाऱ्या हत्यारांना मोजणारी खोली. कारखान्यातले सगळे मायक्रोमीटर तिथे जाऊन खरे की खोटे ते ठरायचं, आणि ठरवणारे हे. त्यांच्या शेजारची खोली रिकामी आहे असं कळल्यावर मी आनंदाने ती भाड्याने घेतली. त्या दिवशी कुणीतरी माझा हात धरून मला मागे ओढायला हवं होतं.

ते मूळचे नांदेडकडचे. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे भागाकाराला ते तकसीम म्हणायचे. सकाळी मी तोंडात ब्रश घालून उभा असायचो आणि खिडकीतून हाक यायची, "राव, एक तकसीम आहे!" जणू घरात मुलगाच झाला आहे. पहिली शिफ्ट गाठायची असो, घरी पाहुणे असोत, अंगात ताप असो, तकसीम थांबत नसे. वहिनी मात्र खेडच्या, म्हणजे राजगुरुनगरच्या. त्या म्हणायच्या, "भावजी, तेवढा एक भाग घालून टाका बाई, म्हणजे चहा गार व्हायचा नाही."

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसरं कुणी निःशेष भागू शकत नाही, ती मूळ संख्या. हे शाळेत सगळेच शिकतात आणि शाळा सुटली की विसरतात. हे गृहस्थ विसरले नाहीत, तिथेच सगळा घोटाळा झाला. त्यांना जगातल्या सगळ्या वस्तू दोनच प्रकारच्या दिसायच्या: ज्यांचे सारखे वाटे होतात त्या आणि होत नाहीत त्या. आणि वाटे न होणाऱ्या वस्तूंविषयी त्यांना फार आदर.

एकदा आमच्या खात्याचा फोटो काढायचा ठरला. आम्ही तेवीस जण. फोटोग्राफर म्हणाला, दोन सारख्या रांगा करा. हे पुढे झाले. "तेविसाच्या सारख्या रांगा होत नाहीत. दोन नाही, तीन नाही, कशाच नाहीत. एकच रांग करा."

फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, एक खुर्चीवाला जास्त घेऊ, शिपायाला बोलवा."

"शिपाई आमच्या खात्यात नाही. खोटा फोटो काढायला निघालात तुम्ही?"

शेवटी तेवीस माणसं एका रांगेत उभी राहिली आणि फोटोग्राफर मागे सरकत सरकत कॅन्टीनच्या पायरीपर्यंत गेला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात कारखान्याची भिंत अप्रतिम आली आहे. माणसं मोहरीएवढी आहेत.

पण त्यांना नुसता वेडा म्हणून सोडून देण्याचीही सोय नव्हती, कारण अधूनमधून ते बरोबर निघत. नव्या गिअरबॉक्समध्ये वीस दात्यांचं एक गिअर चाळीस दात्यांच्या गिअरवर फिरणार होतं. यांनी पहिल्या नगाच्या रिपोर्टावर सही करायला नकार दिला. मापं सगळी बरोबर होती. म्हणाले, "चाळीस नको, एक्केचाळीस करा."

गिअर कापणारा कामगार चऱ्होलीचा होता. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सायेब, डाइंगमदी चाळीस लिवलेत. मी एक्केचाळीसावा कुठनं आनू?"

"अरे, चाळीस आणि वीस लावलेत तर तोच दाता जन्मभर त्याच दात्यांना भेटणार. एकात खोट असली की त्याच दोघांची वाट लागणार. एक्केचाळीस कर, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक जण भेटेल. झीज सगळ्यांत वाटली जाईल."

"आपन गिअर कापतोय का लग्नं जुळवतोय?" तो मला म्हणाला. डिझाइनवाले चिडले, कारण दाता वाढला की मधलं अंतर बदलणार, मग पेटीच बदलायची. तीन आठवडे भांडण चाललं. शेवटी दोन पेट्या करून शेजारी शेजारी चालवून बघितल्या. चाळीसवाली महिन्याभरात कुरकुरायला लागली, एक्केचाळीसवाली गप्प चालत राहिली. यांना वाटलं, आता सगळ्यांना मूळ संख्यांचं महत्त्व पटेल. सगळ्यांना एवढंच पटलं की हा माणूस यापुढे जास्तच डोकं खाणार.

त्या दहा अंकी संख्येचा नाद मात्र गिअरच्याही आधीचा होता. लहानपणी पाटीवर एक ते नऊ लिहून झाल्यावर जागा उरली म्हणून त्यांनी पुन्हा एक काढला आणि मास्तरांना विचारलं, हिला कोण भागतं? मास्तरांनी उत्तराच्या ऐवजी छडी दिली. बस्स. मास्तर वारले, निजामाचं राज्य गेलं, इंच जाऊन मिलिमीटर आले, पण हा प्रश्न यांच्या डोक्यातून हलला नाही. त्यांची खात्री होती की ही संख्या मूळ आहे. खात्री असून भागत नाही, सिद्ध व्हायला हवं. सिद्ध करायचा मार्ग एकच, भागून बघायचं. दोन, तीन, पाच, सात, अकरा अशा एकेका मूळ संख्येने भागायचं आणि प्रत्येक वेळी बाकी उरते की नाही ते पाहायचं. पस्तीस हजार एकशे छत्तीसच्या पुढे जायची गरज नाही, कारण त्यापुढे भाजक मोठा आणि भागाकार लहान होतो, आणि तो लहान आधीच तपासून झालेला असतो. तरीसुद्धा एकूण भागाकार साडेतीन हजारांच्या बरेच वर. रोज एक. पाहुण्यांनी केला तर तो वरकड.

एकदा बाकी शून्य आली की खेळ संपला. मग आधीचे हजारो भागाकार चुलीत.

हे सगळं वहिनींनी कसं सोसलं, हा मला तेव्हा प्रश्न पडायचा. नंतर कळलं, त्या सोसत नव्हत्या. त्या भाग घालत होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाई तांदूळ निवडता निवडता भागाकार करायच्या, आणि त्यांचा भागाकार कधी चुकल्याचं मी पाहिलं नाही. शेजारच्या बायकांना सांगायच्या, "माझी सवत दहा अंकी आहे. पण गरीब आहे हो, खायला काही मागत नाही." तीन हजार सहाशे सात हा भाजक त्यांच्याच वाट्याला आला होता. बाकी आली एक. फक्त एक! त्यांनी किंचाळून आम्हाला बोलावलं. साहेबांनी तीनदा करून पाहिलं, तरी एकच. "एकाने वाचली," ते म्हणाले आणि घाम पुसत बसले. पुढे तीन हजार आठशे तीनला पुन्हा बाकी एक आली, तेव्हा तर त्यांनी शिरा करायला सांगितला. मी तो शिरा खाल्ला आणि मनात म्हटलं, देवा, यातल्या एकाने ही संख्या भागली असती तर आज मी मोकळा असतो.

आता माझ्या पापाकडे येतो.

आमच्या तपासणी खात्यात एक पद्धत होती. तिला आम्ही खुर्चीतलं माप म्हणायचो. महिनाअखेरीला माल बाहेर जायची घाई. शंभर नगांची मापं लिहायची असायची. दहा खरी मोजायची, नव्वद खुर्चीत बसून लिहायची. त्यातही हात बसावा लागतो. सगळी मापं सारखी लिहायची नाहीत, मधूनच एखादं हद्दीच्या अगदी जवळचं टाकायचं, म्हणजे कागद खरा वाटतो. आमच्यातले चांगले चांगले हे करत. साहेबांना त्याची मनस्वी चीड. एकाचा रिपोर्ट त्यांनी त्याच्यासमोर फाडला होता आणि त्याला सगळे शंभर नग पुन्हा मोजायला लावले होते.

ओव्हरटाइमचे दिवस होते. बारा-बारा तास उभं राहून यावं आणि दारात हा माणूस कागद घेऊन उभा. एका संध्याकाळी मी चौदा हजारांच्या घरातल्या कुठल्याशा भाजकाने भाग घालत होतो. पहिले दोन अंक खरे काढले, आणि मग माझा हात आपोआप खुर्चीतलं माप लिहू लागला.

साहेब प्रत्येक भागाकाराचा ताळा पाहायचे. अंकांच्या बेरजा करत जायच्या; या संख्येचा ताळा एकावर येतो, तेव्हा भाजक, भागाकार आणि बाकी यांचाही मेळ एकावर यायला हवा. ते मला माहीत होतं. मग काय, उरलेले अंक मनाने लिहायचे आणि ताळा जुळेल अशी बाकी बसवायची. अर्ध्या मिनिटात मोकळा. साहेबांनी ताळा पाहिला, मान हलवली, सही केली. चहा आला.

एकदा जमलं म्हटल्यावर पुन्हा केलं. मग पुन्हा. रोज नाही, फार दमलो की. मनाची समजूत घातली की कुणाचं काय बिघडतं? ही काही ब्रेकची चकती नव्हे की कुणाचा जीव जाईल.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर एका पावसाळ्यात वहिनी गेल्या. डोकं दुखतंय म्हणून पडल्या आणि दुसऱ्या दिवशी संपलं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. साहेब रडले नाहीत. त्यांच्या घरचा चहा बंद झाला, कागद मात्र बंद झाला नाही. आता ते स्वतःच कागद घेऊन माझ्या घरी येत. माझी बायको त्यांना जेवायला वाढायची आणि मी भाग घालायचो. त्या दिवसांत मी एकही खोटा घातला नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

त्यांच्या निवृत्तीला महिना राहिला तेव्हा शेवटचा भाजक आला. पस्तीस हजार एकशे एकोणतीस. तो त्यांनी स्वतः केला. बाकी उरली एकोणतीस हजार चारशे चव्वेचाळीस. पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "झालं. मूळ आहे."

मग त्यांनी बेत सांगितला. कारखान्यातल्या निरोपाच्या समारंभाला पुण्याहून गणिताच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं होतं. सगळ्यांसमोर संख्या जाहीर करायची आणि भागाकारांचे कागद शिवून केलेल्या वह्या त्यांच्या हाती द्यायच्या. "लोक मला इतकी वर्षं हसले. हसू दे. पण आता यात एक घर जरी चुकलेलं निघालं ना राव, तर त्यांचं हसणं बरोबर ठरेल."

मी आठ दिवस जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. स्वतःला समजावलं की हजारोंच्या घरातला भाजक नेमका बसण्याची शक्यता किती? जवळजवळ नाहीच. पण जवळजवळ नाही म्हणजे नाही नव्हे, हे त्याच माणसाने माझ्या डोक्यात इतकी वर्षं ठोकून बसवलं होतं. माझ्या एका आळसाखाली शून्य लपलेलं असलं तर? तो प्राध्यापक घरी जाऊन सहज भागून बघेल आणि या माणसाचं आयुष्य हास्यास्पद होईल, तेही माझ्यामुळे. शेवटी समारंभाच्या आदल्या दिवशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती?"

"साठेक असतील."

"कुठले?"

"आठवत नाही, साहेब. खरे आणि खोटे एकाच अक्षरात आहेत."

"तुम्ही ताळा जुळवून खोटं लिहिलंत," ते म्हणाले. "म्हणजे तुम्हाला येत होतं. न येणाऱ्याने चुकवलं असतं तर मला राग आला नसता." मग उठून त्यांनी वह्या काढल्या आणि माझ्या अक्षरातले सगळे कागद वेगळे केले. चारशे बारा भरले. कारखान्यात संशयित मालाला बांधतात तशी लाल चिठ्ठी त्यांनी त्या गठ्ठ्याला बांधली. एक माप खोटं सापडलं की अख्खा लॉट परत, हा त्यांचाच नियम.

समारंभात मोठे साहेब बोलले, हार झाले, नारळ झाला. प्राध्यापक पहिल्या रांगेत पुढे सरकून बसले होते. हे उठले. "मी आज एक गोष्ट सांगणार होतो," ते म्हणाले. "तपासणी अपुरी आहे. चारशे बारा भाग पुन्हा घालायचे आहेत. तोवर मला काही म्हणता येत नाही." आणि बसले. माझं नाव नाही, उल्लेख नाही, माझ्या दिशेने साधी नजरही नाही. मागून कुणीतरी खो खो हसलं. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. चऱ्होलीचा तो कामगार तेवढा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आवं, म्हाताऱ्याचं तोंड बगा की. कुनी केलं आसंल ह्ये?" मी म्हटलं, माहीत नाही. तो दुसरा खोटा ताळा.

निवृत्तीनंतर ते तळेगाव दाभाड्याला राहायला गेले. दर रविवारी मी चिंचवडहून गाडी पकडायचो, त्यांच्यासमोर बसून दहा भाग घालायचो आणि संध्याकाळी परत यायचो. घरी बायको म्हणायची, "लोक रविवारी मुलांना बागेत नेतात." पहिले काही रविवार भीतीतच गेले. शेवटचा अंक उतरवला की श्वास रोखून बाकी पाहायची. उरली की हायसं वाटायचं. खोटे कुठले ते आता कळायला लागलं, आणि प्रत्येक खोट्यावर ते माझ्याकडे न बघता बारीक फुली मारायचे. ती फुली मला थोबाडीत मारल्यासारखी लागायची.

मध्यंतरी कारखान्यात पगारपत्रकांसाठी कॉम्प्युटर आला. मला वाटलं, सुटलो! तिथल्या मुलीच्या हातापाया पडून मी ती संख्या यंत्रात घातली. जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं. मूळ आहे. मी त्याच रविवारी तो छापील कागद नाचवत तळेगावला गेलो.

साहेबांनी कागद उलटापालटा करून पाहिला. "बाक्या कुठे आहेत?"

"बाक्या नाहीत. नुसतं उत्तर आहे."

"मापं न लिहिता 'माल बरोबर आहे' असा रिपोर्ट आणलात तुम्ही. खात्यात असताना मी याचं काय केलं असतं?"

"अहो, ते यंत्र आहे! ते खुर्चीत बसून लिहीत नाही!"

"ते मला काय माहीत? मी तिथे नव्हतो." आणि त्यांनी पुढचा भाजक माझ्यासमोर सरकवला. भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. आता खुद्द उत्तर माहीत असताना मी भागाकार करत होतो. यापेक्षा मूर्खपणाचा रविवार पृथ्वीवर कुणी घालवला नसेल.

जवळजवळ वर्षाने चारशे बारावा भाग झाला. बाकी उरली. माझ्या साठ खोट्यांखाली कुठेच शून्य नव्हतं. मी पेन्सिल टाकली आणि खरंच ओरडलो. साहेबांनी लाल चिठ्ठी सोडवली. आता तरी हसतील असं वाटलं. ते आत गेले आणि एक वेगळी वही घेऊन आले.

"ही राहिली," ते म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली, पण स्वतः खिडकीकडे तोंड करून बसले. "ती गेल्यानंतरचे चाळीस दिवस. रोज एक लिहिलाय. घातलेला एकही नाही. तुमच्यासारखेच, ताळा जुळवून."

मला आधी कळलंच नाही. आणि कळल्यावर जो संताप आला, तो आजवरच्या सगळ्या संतापांचा बाप होता. वर्षभर माझ्या मानेवर बसून, प्रत्येक फुली माझ्या काळजावर मारून, हा माणूस स्वतः चाळीस खोटे घेऊन बसला होता! "मग तुम्हीच घाला की!" मी म्हणालो. "मला कशाला सांगता? वर्षभर समोर नुसते बसून होतात ना!"

"बसलो की. कितीदा बसलो. पहिलं पान उघडलं की पुढे जाता येत नाही."

मी पहिलं पान पाहिलं. भाजक तेवीस हजार आठशे एक. खाली वहिनींचं अक्षर. पाच लिहिलेला, पुढे एक लिहिलेला, वीस हजार सातशे सोळाच्या शेजारी वरून आठ उतरवून घेतलेला. आणि तिथून पुढे कागद कोरा.

"डोकं दुखतंय म्हणाली," ते खिडकीशी बोलावं तसं बोलले. "मी म्हटलं, एवढा भाग पुरा कर आणि मग पड. तिने आठ उतरवला आणि उठली. तेवढंही मी तिला..." मग म्हणाले, "तुम्ही येऊन सांगितलंत, ते मला इतक्या वर्षांत जमलं नाही. त्या दिवशी समारंभात मी बोललो ना, चारशे बारा, तेही खोटंच बोललो. चारशे त्रेपन्न होते. तिचा हा एक आणि माझे चाळीस."

माझा राग कुठे गेला मला माहीत नाही. गेला असंही म्हणता येत नाही. मी पेन्सिल उचलली. वहिनींचा आठ पुसट झाला होता, तो ठळक करावा म्हणून टोक टेकवलं, तर ते न वळताच म्हणाले, "आठ गिरवू नका. तो तिचा आहे."

मी नाही गिरवला. त्याच्यापुढून भाग घातला. आठ, मग सात, मग शून्य. बाकी आली दहा हजार एकवीस. मी आकडा मोठ्याने वाचला, कारण ते पाहत नव्हते.

"उरली?"

"उरली, साहेब."

ते खिडकीपाशीच बसून राहिले. पाठ हलत होती. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. साडेचार वाजले होते, सहाची गाडी होती, घरी बायकोला आज शेवटचा रविवार असं वचन देऊन आलो होतो. निघावं म्हणून मी वही मिटू लागलो.

"तेवीस हजार आठशे तेरा," ते म्हणाले.

पुढचा भाजक. मी त्यांना मनातल्या मनात एक सणसणीत शिवी दिली, बाहीने डोळे पुसले, आणि भाग घालायला घेतला.